लग्न आधी की व्हिसा आधी?

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. बडोदा, हैदराबाद, बंगळूर, जबलपूर, सगळीकडून प्रश्न एकच: "मुलगी इथे, मुलगा परदेशात. जमलेलं आहे. आता पुढे काय करायचं?"

मी वकील नाही. तीस वर्षांहून अधिक काळ फौजेत काढून महूला स्थायिक झालेला एक बाप आहे. या रस्त्यावरून आमचं घर गेलं आहे, आणि एका वळणावर मी मोठी चूक करता करता वाचलो. म्हणून बोलतो. आज मुख्यतः अमेरिकेबद्दल सांगणार आहे.

पहिला प्रश्न पत्रिकेचा नाही. पहिला प्रश्न हा की समोरच्या व्यक्तीचा तिथला दर्जा काय? "तो अमेरिकेत असतो" एवढी माहिती पुरत नाही. तो नागरिक आहे, ग्रीन कार्डवर आहे, की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे? या तिघांचे रस्ते पूर्णपणे वेगळे आहेत.

एच-वन-बी असेल तर वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीसाठी काहीही सोय नाही. लग्न झाल्यावर तिला एच-फोर हा जोडीदाराचा व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी आपोआप करता येत नाही. 2015 पासून काही एच-फोरधारकांना कामाचा परवाना मिळतो, मात्र त्यासाठी साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-140 हा टप्पा मंजूर झालेला असावा लागतो. मुलगी इथे चांगली नोकरी सोडून जाणार असेल तर हे आधी विचारा, हॉल बुक केल्यावर नाही.

ग्रीन कार्ड असेल तर पत्नीसाठी अर्ज करता येतो, पण त्या गटाला दरवर्षी संख्येची मर्यादा आहे. म्हणजे रांग आली. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. मुलाला नोकरीतून ग्रीन कार्ड मिळण्याच्या आधी लग्न झालेलं असेल, तर पत्नी त्याच्याच अर्जाच्या आधाराने मागून जाऊ शकते. ग्रीन कार्ड हातात आल्यानंतर लग्न केलं तर तिला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागतं. "आधी ग्रीन कार्ड येऊ दे, मग बार उडवू" असं म्हणणाऱ्या घरांनी हे एकदा तपासून घ्यावं.

तो नागरिक असेल तर दोन रस्ते आहेत. आमचे जावई नागरिक, म्हणून हे दोन्ही मी नीट अभ्यासले.

पहिला रस्ता के-वन, म्हणजे वाग्दत्त वधूचा किंवा वराचा व्हिसा. यात नागरिक असलेली व्यक्ती आय-129एफ हा अर्ज करते. अटी अशा: दोघं लग्नाला मोकळे हवेत, आणि अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले हवेत. व्हिडिओ कॉल ही भेट नव्हे. या अटीत सूट आहे, पण ती अपवादानेच मिळते. व्हिसा मिळून मुलगी तिथे उतरली की 90 दिवसांत त्याच माणसाशी लग्न करायचं. मुदत वाढत नाही. त्यानंतर ग्रीन कार्डसाठी वेगळा अर्ज आणि वेगळं शुल्क. त्या काळात काम करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर पडायला आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे इथे घरात कोणी अत्यवस्थ झालं तर मुलगी तडक विमानात बसू शकत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे आधी लग्न, मग आय-130 हा अर्ज, आणि मग जोडीदाराचा स्थलांतरित व्हिसा. विमानातून उतरते ती कायमची रहिवासी म्हणूनच, आणि नोकरी लगेच करता येते. त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याच्या आधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. ही तारीख विसरू नका.

आता आमची गोष्ट.

2022 मध्ये मुलीचं ठरलं तेव्हा माझी आई शहाऐंशी वर्षांची होती. तिचं एकच म्हणणं, "नातीवर अक्षता टाकल्याशिवाय मी जायची नाही." अमेरिकेला नेण्यासारखी तिची प्रकृती नव्हती. मी एका सल्लागाराकडे गेलो. तो म्हणाला, "कर्नलसाहेब, सोपं आहे. इंदूरला विधिवत लग्न करून टाका. फक्त नोंदणी करू नका. कागदावर मुलगी अविवाहितच राहील. मग के-वन टाकू, लवकर काम होईल."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? आईची इच्छा पुरी होत होती, मुलगी लवकर जात होती, सगळ्यांचंच भलं दिसत होतं.

रात्री जेवताना मी घरात सांगितलं. मुलीनं ताटावरचा हात थांबवला आणि विचारलं, "बाबा, मुलाखतीत मला विचारलं की तुझं लग्न झालंय का, तर मी काय सांगू?"

मी गप्प बसलो. आयुष्यभर जवानांना सांगत आलो की खोटा रिपोर्ट देऊ नका. आणि स्वतःच्या मुलीच्या हातात मी तोच द्यायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः वाचायला बसलो. हिंदू विवाह कायदा, 1955 स्पष्ट आहे. ज्यांच्यात सप्तपदीची रीत आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. नोंदणी हा त्याचा पुरावा आहे. नोंदणी केली नाही म्हणून लग्न झालं नाही असं होत नाही. म्हणजे आमची मुलगी कायद्यानं विवाहित असती आणि के-वनला पात्रच नसती. शिवाय व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. त्यातून माफी मिळवायची वेगळी प्रक्रिया आहे, पण ती लांब आणि बेभरवशाची.

याची दुसरी बाजूही सांगतो. के-वनच करायचं असेल तर साखरपुडा साखरपुड्यासारखाच करा. हार, मुंडावळ्या, मंगळसूत्र, होम असे फोटो अर्जाला जोडले तर अधिकाऱ्याला ते लग्नच वाटणार, आणि त्याची शंका रास्त आहे.

आम्ही दुसरा रस्ता धरला. डिसेंबर 2022 मध्ये लग्न केलं, त्याच आठवड्यात नगर निगमात नोंदणी केली. जावई महिन्याभरात परत गेले, आणि मुलगी दीड वर्ष आमच्याकडे राहिली. ते दिवस सोपे नव्हते. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा असायचा, तिकडे सकाळ असायची. शेजारी विचारायचे, "अजून गेली नाही?" मधल्या काळात जावईच दोनदा आले. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असल्यामुळे त्यांना व्हिसाचा प्रश्न नव्हता. ज्याला येणं सोपं आहे त्यानं यावं, हा आमचा हिशेब. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला "ही परत येईल" हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. नवरा तिथे आणि स्थलांतराचा अर्ज चालू असताना ते फार अवघड जातं.

2023 च्या पावसाळ्यात आई गेली. अक्षता टाकून गेली, आणि नात उशाशी बसलेली होती. 2024 मध्ये मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत झाली. मुलीला जे विचारलं त्याचं तिनं खरं उत्तर दिलं.

फाइलमध्ये काय ठेवलं ते सांगतो: लग्नाचं प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स, नेमून दिलेल्या डॉक्टरांची तपासणी, प्रवासाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, दोन्ही घरच्या माणसांसोबतचे फोटो, आणि जावयांच्या उत्पन्नाची हमी. ही हमी तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाची लागते.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये वाग्दत्त व्हिसा सहा महिन्यांचा, त्यावर नोकरी नाही. जोडीदाराच्या व्हिसासाठी उत्पन्नाची अट एप्रिल 2024 मध्ये वर्षाला 18,600 पौंडांवरून 29,000 वर गेली. कॅनडात वाग्दत्तांसाठी वेगळा वर्ग नाही. लग्न तरी हवं किंवा सलग बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा तरी. दोन्ही अशक्य करणारी खरी अडचण असेल तर एक तिसरा वर्ग आहे. ऑस्ट्रेलियात लग्न ठरलेल्यांसाठी सबक्लास 300 आहे, तिथेही प्रत्यक्ष भेट आवश्यक.

आणि परदेशी सून किंवा जावई इकडे येणार असेल तर विशेष विवाह कायदा, 1954 पाहा. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा, आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावं लागतं. पंधरा दिवसांची रजा काढून येणाऱ्याचं त्यात भागत नाही. नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाल्यावर ओसीआयसाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ही सोय नाही.

नियम आणि शुल्क बदलत राहतात. अर्ज भरण्याच्या दिवशी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. सल्लागार करा, पण त्यानं भरलेला प्रत्येक रकाना सही करण्याआधी मुलीला वाचायला द्या. सही तिची असते, आणि खिडकीसमोर तिलाच एकटीनं उभं राहायचं असतं.

पुढच्या भागात पोलीस क्लिअरन्स आणि अपॉस्टिलबद्दल बोलू. तोवर नमस्कार. जय हिंद.