पादतलाचा नकाशा आणि रुग्णाची अपेक्षा

दिंडोशी परिसर डोंगराच्या उतारावर वसलेला आहे. चढ-उताराचे रस्ते, चित्रनगरीत दिवसभर उभ्याने काम करणारे कामगार, आगारातील बसचालक व वाहक, इमारतींचे पहारेकरी आणि नागरी निवारासारख्या वसाहतींतील ज्येष्ठ नागरिक यांमुळे येथील चिकित्सकाकडे पायांच्या तक्रारींची कधीच वाण नसते. टाचदुखी, तळपायांची आग, मुंग्या, पिंडऱ्यांत गोळे येणे ही त्यांतील नित्याची लक्षणे होत. अलीकडे या तक्रारींबरोबरच रुग्ण एक प्रश्नही घेऊन येतात : ‘वैद्यराज, रिफ्लेक्सॉलॉजी करून पाहू का?’ पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो : ‘त्याने साखर उतरते म्हणतात, खरे का?’

हे दोन प्रश्न भिन्न आहेत आणि त्यांची उत्तरेही भिन्न आहेत. पहिल्यास बहुधा ‘हरकत नाही’ असे म्हणता येते. दुसऱ्यास ‘नाही’ असेच म्हणावे लागते. या दोहोंमधील सीमारेषा रुग्णास स्पष्ट दाखविणे, हे आम्ही चिकित्सकाचे कर्तव्य मानतो.

पद्धतीचा उगम

रिफ्लेक्सॉलॉजी अतिप्राचीन असल्याचे सर्रास सांगितले जाते. तिचे आजचे रूप मात्र विसाव्या शतकातील अमेरिकेत घडले. नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे विभाग कल्पून १९१७ साली आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. पुढे युनिस इंगहॅम यांनी सर्व अवयवांच्या जागा तळपायावर निश्चित केल्या; त्यांचे पुस्तक १९३८ साली प्रसिद्ध झाले. अंगठ्यात मस्तक, मध्यभागी जठर व स्वादुपिंड, टाचेकडे श्रोणिभाग, असा जो रंगीत नकाशा आज उपचारकेंद्रांच्या भिंतींवर दिसतो, त्याचे मूळ येथे आहे.

हा नकाशा आपल्या संहितांत नाही. ‘हे आपलेच पादाभ्यंग आहे’ असे म्हणून या पद्धतीस आयुर्वेदाची मोहर लावणे योग्य नव्हे. त्याचप्रमाणे ‘हे परकीय’ एवढ्याच कारणास्तव तिची अवहेलना करणेही उचित नाही. परीक्षा व्हावी ती दाव्याची.

परीक्षणांतून काय दिसले?

२००९ साली एडझार्ड अर्न्स्ट यांनी यादृच्छिक पद्धतीने केलेल्या १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’मध्ये प्रसिद्ध केला. कोणत्याही व्याधीवर ही चिकित्सा परिणामकारक असल्याचे खात्रीलायक सिद्ध होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०११ साली अधिक चाचण्या समाविष्ट करून झालेल्या आढाव्यातही चित्र पालटले नाही. तळपाय चाचपून रोग ओळखता येतो काय, याचीही परीक्षा झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाच्या आजाराची कल्पना नसलेल्या दोन तज्ज्ञांनी पाय तपासले. त्यांचे निदान आजाराशी जुळले नाही आणि त्यांचे परस्परांशीही एकमत झाले नाही.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. प्रगत अवस्थेतील स्तनकर्करोगाच्या ३८५ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पायांवरील या उपचाराने श्वासाचा त्रास सौम्य झाला व दैनंदिन हालचाली सुधारल्या. वेदना व मळमळ यांत मात्र फरक आढळला नाही. कर्करोग बरा होण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. कठीण काळात रुग्णास थोडा उतार पडावा, एवढेच ध्येय होते आणि ते अंशतः साधले.

यावरून अपेक्षेचे माप ठरविता येते. शांत खोलीत अर्धा-पाऊण तास आडवे पडणे, कुशल हाताचा उबदार स्पर्श आणि कोणी तरी आस्थेने लक्ष देत असल्याची जाणीव यांमुळे मन निवते, स्नायूंचा ताण सैल होतो, झोप सुधारू शकते, थकवा व चिंता कमी वाटते. हा लाभ खरा आहे. परंतु तो मिळण्यासाठी तळपायावर स्वादुपिंडाचा बिंदू असण्याची आवश्यकता नाही. साध्या हळुवार मर्दनानेही त्यातील बराचसा मिळतो.

आपली शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाची फलश्रुती दिली आहे. खरता, स्तब्धता, रूक्षता, श्रम व सुप्ती यांचा उपशम, पायांना बल व स्थैर्य, दृष्टीचा प्रसाद, वाताचे शमन, तसेच गृध्रसी, पाय फुटणे, सिरा-स्नायूंचा संकोच यांस प्रतिबंध, असे तिचे स्वरूप आहे. बारकाईने पाहिल्यास यातील बहुतेक फळे पायांचीच आहेत. यकृत, वृक्क वा हृदय यांचे रोग पायाच्या मर्दनाने बरे होतील, असे आचार्य म्हणत नाहीत. हा संयम अनुकरणीय आहे.

आपल्या स्वतःच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. वाग्भटांनी पादमध्यातील दोन सिरांचा नेत्रांशी संबंध सांगितला आहे. काशाच्या वाटीने तळपायास तूप चोळण्याची आपल्या घरांतील रीतही डोळ्यांच्या आगीसाठी प्रसिद्ध आहे. त्याने दाह शमतो व झोप लागते, असा अनुभव रुग्ण सांगतात. म्हणून चष्म्याचा क्रमांक उतरेल किंवा मोतीबिंदू विरघळेल, असे आश्वासन आपण देऊ नये. आता जागोजागी काशाच्या थाळीची विजेवरील यंत्रे आली आहेत. थाळीवर तूप काळे पडले की ‘शरीरातील विष बाहेर आले’ असे सांगितले जाते. धातू, स्नेह आणि घाम यांच्या घर्षणानेही तो रंग येतो, हे रुग्णास सांगितले पाहिजे.

मर्माचा विचार तर अधिकच महत्त्वाचा आहे. सुश्रुताचार्यांच्या १०७ मर्मांपैकी तलहृदय हे तळपायाच्या मध्यभागी, मधल्या बोटाच्या रेषेत येते. ते कालांतर-प्राणहर मानले आहे. मर्म हे जपण्याचे स्थान होय. तेथे लाकडी काडी रोवून ‘दुखते म्हणजे बिंदू सापडला’ असे मानणे शास्त्राशी सुसंगत नाही.

खरा धोका कोठे आहे?

आम्हांस सर्वाधिक चिंता वाटते ती मधुमेही रुग्णांची. प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांचा दाह व सुप्तता सांगितली आहे. तळपायांची आग होते म्हणून मर्दनासाठी येणारा रुग्ण हा अद्याप निदान न झालेला मधुमेही असू शकतो. अशा रुग्णास थेट उपचारकेंद्राकडे धाडणे म्हणजे निदानाची संधी दवडणे होय. ज्याची संवेदना कमी झाली आहे, त्यास अतिदाब वा गरम पाणी जाणवत नाही. पायाला फोड येतो, तो त्यास दिसत नाही, आणि जखम चिघळल्यावर प्रकरण पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. याहून घातक म्हणजे बिंदू दाबून साखर आटोक्यात राहील या भरवशावर गोळ्या वा इन्सुलिन बंद करणे.

म्हणून मर्दनास संमती देण्यापूर्वी पुढील तपासणी अवश्य करावी :

१. रक्तशर्करा तपासलेली आहे काय? नसल्यास आधी तपासावी.
२. कापसाच्या बोळ्याने व ट्यूनिंग फोर्कने तळपायाची संवेदना पाहावी. पायांच्या नाड्या चाचपाव्यात.
३. जखम, भेगांतील जंतुसंसर्ग, बोटांमधील बुरशी, सूज वा अस्थिभंगाची शंका असल्यास मर्दन वर्ज्य करावे.
४. एकाच पिंडरीस सूज, उष्णता व वेदना असल्यास शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता ध्यानी घ्यावी. पाय मुळीच चोळू नये, रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.
५. गर्भिणी, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि तीव्र वातरक्ताने पीडित रुग्ण यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगावी.
६. अजीर्ण, कफाधिक्य व नुकतेच झालेले शोधन हे अभ्यंगाचे निषेध येथेही लागू आहेत.

तक्रार ‘पाय दुखतो’ एवढीच असली, तरी वातकंटक, पाददाह, पादहर्ष, वातरक्त आणि गृध्रसी यांचा मार्ग एक नाही. निदान आधी, मर्दन नंतर.

रुग्णास काय सांगावे?

आमच्या मते रुग्णाशी बोलणे असे असावे : ‘याने आराम वाटेल, कदाचित झोप सुधारेल. रोग जाणार नाही. चालू औषधे माझ्याशी वा आपल्या डॉक्टरांशी बोलल्याखेरीज थांबवू नका. चार ते सहा वेळा करून पाहा. झोप किती झाली, वेदना दहापैकी किती, हे वहीत टिपा. फरक नसेल तर पैसे खर्च करीत राहू नका.’ अशा स्पष्टपणाने रुग्ण दुरावत नाही, उलट त्याचा विश्वास वाढतो. ज्यास केंद्राचा खर्च परवडत नाही, त्यास घरीच रात्री कोमट तीळतेलाने दहा मिनिटे पादाभ्यंग शिकवावे. त्यानंतर पाय पुसून मगच उतरण्यास सांगावे. तेलकट पायाने गुळगुळीत फरशीवर घसरून वृद्धांचे खुब्याचे हाड मोडू शकते.

औषधविक्रेत्यांसाठी दोन शब्द

दाबाचे लाकडी रूळ, टोकदार उंचवट्यांच्या चपला व पायपट्ट्या आपल्या दुकानांतून विकल्या जातात. विक्रीपूर्वी ‘मधुमेह आहे का?’ एवढे विचारावे; उत्तर होकारार्थी असल्यास वैद्याचा सल्ला घेण्यास सांगावे. पादाभ्यंगाच्या तेलाजवळ मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात बरा होण्याचे फलक लावू नयेत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत हे रोग समाविष्ट आहेत, याचे स्मरण असावे. तसेच २०२० च्या राष्ट्रीय आयोग कायद्याच्या कक्षेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा या पद्धती येतात. रिफ्लेक्सॉलॉजी त्यांत नाही. उपचार करणाऱ्यास ‘डॉक्टर’ म्हणून पुढे करणे टाळावे.

ऑस्ट्रेलियात शासकीय पुनरावलोकनानंतर १ एप्रिल २०१९ पासून खाजगी आरोग्यविम्याच्या अनुदानातून १६ नैसर्गिक उपचार वगळले गेले. त्यांत रिफ्लेक्सॉलॉजीबरोबर योगाचाही समावेश होता. पुराव्याची मागणी उद्या आपल्याही दारी येणार आहे. आज दुसऱ्याच्या दाव्याचे माप काढताना आपल्या नोंदवह्या नीट ठेवण्याची सवय लागली, तर त्या दिवशी आपणांस उत्तरासाठी धावाधाव करावी लागणार नाही.