मोनास्काच्या एकात्मता चाचण्या

मोनास्का ही ओपनस्टॅक या मुक्तस्रोत क्लाउड प्रणालीसाठी विकसित केलेली देखरेख सेवा होय. या सेवेचे स्वतंत्रपणे चालणारे घटक एकमेकांशी जोडल्यानंतर ठरल्याप्रमाणे कार्य करतात की नाही, हे पडताळणाऱ्या चाचण्यांना तिच्या एकात्मता चाचण्या म्हणतात. ओपनस्टॅकच्या टेम्पेस्ट या चाचणी-संचाला जोडता येणाऱ्या प्लगइनच्या स्वरूपात त्या लिहिलेल्या असून त्यांची भाषा पायथन आहे.

देखरेख सेवेतील बिघाड इतर सेवांतील बिघाडाहून वेगळा असतो. संकेतस्थळ बंद पडले तर वापरकर्ता तक्रार करतो. देखरेख सेवा बंद पडली तर केवळ इशारे येणे थांबते, आणि इशारा न येणे हेच सर्व काही ठीक असल्याचेही लक्षण असते. त्यामुळे अशा सेवेची चाचणी ‘विनंतीला उत्तर आले’ एवढ्यावर थांबू शकत नाही.

पार्श्वभूमी

ओपनस्टॅक हा प्रकल्प २०१० साली रॅकस्पेस ही कंपनी आणि नासा ही अमेरिकी अंतराळ संस्था यांनी सुरू केला. मोनास्का हे नाव ‘मॉनिटरिंग ॲट स्केल’ या शब्दांवरून बनवले आहे. तिच्या सुरुवातीच्या विकासात हेवलेट-पॅकार्डमधील अभियंत्यांचा मोठा वाटा होता.

रचना

मोनास्काचे काम अनेक प्रक्रियांत विभागलेले आहे. देखरेखीखालील यंत्रावरील एजंट प्रोसेसर, स्मृती, डिस्क इत्यादींची मोजमापे गोळा करून एपीआयकडे पाठवतो. एपीआय ती तपासून अपाचे काफ्का या संदेशरांगेत टाकतो. तेथून दोन घटक ती स्वतंत्रपणे उचलतात. पर्सिस्टर हा घटक ती इन्फ्लक्सडीबीसारख्या कालानुक्रमी डेटाबेसमध्ये साठवतो, तर अपाचे स्टॉर्मवर चालणारे थ्रेशोल्ड इंजिन ती इशाऱ्यांच्या व्याख्यांशी ताडून पाहते. इशाऱ्याची स्थिती बदलली की त्याची वार्ता पुन्हा काफ्कामध्ये जाते आणि सूचना पाठवणारा घटक ईमेल किंवा वेबहुकद्वारे ती संबंधितांपर्यंत पोहोचवतो. इशाऱ्यांच्या व्याख्या मायएसक्यूएलसारख्या संबंधात्मक डेटाबेसमध्ये राहतात आणि वापरकर्त्याची ओळख कीस्टोन ही ओपनस्टॅकची सेवा पटवते.

यांपैकी प्रत्येक घटकाला स्वतःच्या एकक चाचण्या असतात. मात्र त्यांत काफ्का किंवा डेटाबेस यांच्या जागी नकली वस्तू उभ्या केलेल्या असतात. संदेशाचे स्वरूप एका घटकाने बदलले आणि दुसऱ्याने बदलले नाही, तर दोघांच्याही एकक चाचण्या यशस्वी होतात आणि प्रणाली मात्र चालत नाही. एकात्मता चाचण्यांचे प्रयोजन येथे आहे.

चाचणीसाठीची मांडणी

चाचणीसाठी लागणारे संपूर्ण ओपनस्टॅक एकाच यंत्रावर उभे करण्याकरिता डेव्हस्टॅक हा स्क्रिप्टसंच वापरतात. लोकल डॉट कॉन्फ या संचिकेत मोनास्काचे प्लगइन कोठून घ्यावयाचे ते लिहून मुख्य स्क्रिप्ट चालवली की काफ्का, स्टॉर्म, डेटाबेस, कीस्टोन आणि मोनास्काचे घटक प्रस्थापित होतात. टेम्पेस्टही त्याच वेळी निवडले असल्यास त्याची संरचना-संचिका आपोआप तयार होते. डेव्हस्टॅक यंत्रावरील संरचनेत मोठे फेरफार करत असल्याने ते नेहमीच्या कामाच्या संगणकावर न चालवता वेगळ्या आभासी यंत्रात चालवण्याची शिफारस केली जाते. रूट या सर्वाधिकारी खात्यातून ही स्क्रिप्ट चालतच नाही. त्यासाठी वेगळे खाते लागते.

एकाच यंत्रावर जावा आणि पायथनच्या इतक्या प्रक्रिया एकत्र आल्यामुळे स्मृतीची टंचाई निर्माण होणे सामान्य आहे. कर्नलने एखादी प्रक्रिया स्मृतीअभावी थांबवली तर एपीआय चालूच राहतो आणि चाचण्या मात्र एकामागून एक मुदत संपून अयशस्वी होतात. म्हणून चाचण्या सुरू करण्यापूर्वी सर्व प्रक्रिया जिवंत आहेत, हे पाहून घेणे हिताचे ठरते.

वाट पाहण्याचा प्रश्न

मोजमाप स्वीकारल्यावर मोनास्काचा एपीआय २०४ हा एचटीटीपी संकेत परत करतो. त्याचा अर्थ मोजमाप रांगेत गेले एवढाच असतो. ते साठवले गेले असा नव्हे. त्यामुळे मोजमाप पाठवून लगेच ते वाचू पाहणारी चाचणी कधी यशस्वी होते, तर कधी होत नाही.

यावर ठरावीक सेकंद थांबणे हा सोपा उपाय दिसतो, पण तो वाईट आहे. मुदत कमी ठेवली तर संथ यंत्रावर चाचणी विनाकारण पडते. जास्त ठेवली तर शेकडो चाचण्यांचा मिळून वेळ वाढत जातो. म्हणून चाचणी थोड्या थोड्या अंतराने पुन्हा विचारणा करते आणि अपेक्षित नोंद दिसताच पुढे जाते; ठरावीक प्रयत्नांनंतरही ती न दिसल्यास अपयश नोंदवते. नोंद सापडल्यावर नाव, परिमाणे, मूल्य आणि काळनोंद हे सर्व पाठवल्याबरहुकूम आहे का, हेही पाहावे लागते. काळनोंद पाठवताना मिलिसेकंदांत असते, तर वाचताना ती आयएसओ ८६०१ पद्धतीच्या मजकुरात मिळते. अशा रूपांतरांत चुका सहज लपतात.

चुकीच्या माहितीच्या चाचण्या त्या मानाने सोप्या असतात, कारण तेथे एपीआय स्वतःच तत्काळ नकार देतो. मोजमापाचे नाव २५५ अक्षरांपेक्षा लांब असल्यास ४२२ हा संकेत येणे अपेक्षित असते.

इशाऱ्यांच्या चाचण्या

इशाऱ्याच्या तीन स्थिती आहेत: ठीक, इशारा आणि अनिश्चित. नवा इशारा सामान्यतः अनिश्चित स्थितीत जन्मतो आणि पुरेशी मोजमापे आल्यावर स्थिती बदलतो. व्याख्येत कालावधी दिलेला नसल्यास तो ६० सेकंद धरला जातो. साहजिकच या चाचण्या सर्वांत संथ असतात.

येथे क्रमालाही महत्त्व आहे. नवी व्याख्या थ्रेशोल्ड इंजिनपर्यंत काफ्कामार्गेच पोहोचते. ती पोहोचण्यापूर्वी मोजमाप येऊन गेले, तर त्या मोजमापावरून इशारा तयार होईलच याची शाश्वती नसते. म्हणून एकच मोजमाप पाठवून वाट पाहण्याऐवजी प्रत्येक फेरीत ते नव्या काळनोंदीसह पुन्हा पाठवणे अधिक भरवशाचे असते. काळनोंद जुनी राहिल्यास मोजमाप डेटाबेसमध्ये दिसते, पण मूल्यमापनाच्या कालखिडकीबाहेर पडल्यामुळे इशारा मात्र बदलत नाही. आभासी यंत्राचे घड्याळ मागे पडल्यावर हाच प्रकार होतो, आणि दोष मोनास्कात शोधण्यात वेळ जातो.

याहून कठीण चाचणी म्हणजे काहीही न घडल्याची. मोजमापे येणे थांबल्यावर इशारा अनिश्चित स्थितीत परतला पाहिजे. देखरेखीखालील यंत्रच कोसळल्याचे त्यावरून कळते. मात्र काही इशारे निश्चयात्मक म्हणून घोषित करता येतात. नोंदवहीतील त्रुटींसारखी क्वचितच येणारी मोजमापे त्यांच्यामागे असतात आणि मोजमाप न येणे ही त्यांची ‘ठीक’ स्थिती असते. या दोन प्रकारांत गल्लत झाल्यास कोसळलेले यंत्र निरोगी ठरू शकते. तपासण्याजोग्या सर्व बाबींत ही बाब सर्वाधिक मोलाची म्हणावी लागेल.

विलगीकरण आणि अधिकार

चाचण्या एकाच वेळी समांतर चालतात, म्हणून मोजमापांना व व्याख्यांना यादृच्छिक नावे दिली जातात आणि शेवटी निर्माण केलेल्या वस्तू पुसून टाकल्या जातात. मोजमापे पुसण्याची सोय एपीआयमध्ये नसल्याने ती मागे उरतात. स्थिर नाव वापरणारी चाचणी दुसऱ्या वेळी आधीचीच नोंद पाहून खोटे यश नोंदवू शकते.

एका प्रकल्पाची मोजमापे दुसऱ्या प्रकल्पाला दिसत नाहीत, तसेच एजंटची भूमिका दिलेले खाते केवळ मोजमापे पाठवू शकते, हेही तपासले जाते. दुसऱ्या प्रकल्पाच्या वतीने मोजमापे पाठवण्याचा अधिकार विशेष प्रतिनिधी-भूमिकेलाच असतो.

स्वयंचलित वापर

ओपनस्टॅकमध्ये बदल गेरिट या परीक्षणप्रणालीत सादर होतो आणि झूल ही प्रणाली नव्या आभासी यंत्रावर डेव्हस्टॅक उभारून चाचण्या चालवते. विलीनीकरणाच्या रांगेत एखादा बदल अयशस्वी ठरला तर त्याच्या मागील बदलांची तपासणी नव्याने करावी लागते. त्यामुळे लहरी चाचणीची किंमत तिच्या लेखकापुरती मर्यादित राहत नाही. अपयशी तपासणी ‘रीचेक’ असा शेरा लिहून पुन्हा चालवता येते. मात्र कारण न शोधता तो लिहिण्याची सवय लागली की घटकांमधील खऱ्या शर्यती-दोषांवर पांघरूण पडते.

मर्यादा

एका यंत्रावरील मांडणीत काफ्काचा एकच ब्रोकर असतो. ब्रोकर बंद पडल्यावर किंवा जाळे तुटल्यावर काय होते, हे अशा मांडणीत कळत नाही. मोठ्या भाराखालील वर्तनासाठीही वेगळ्या चाचण्या लागतात. सूचना प्रत्यक्ष पोहोचली का, हे पाहण्यासाठी चाचणीला स्वतःचा छोटा एचटीटीपी सर्व्हर उघडून वेबहुकचा पत्ता म्हणून त्याची नोंद करावी लागते. ईमेलचा शेवटचा टप्पा मात्र बाहेरील टपाल सर्व्हरवर अवलंबून असल्याने सहसा चाचणीबाहेर राहतो.