यंत्र आलं, मग माणूस गेला कुठे?

मध्य प्रदेशातल्या लांजीच्या बाजारात कियोस्क म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर यंत्र येत नाही, गाळा येतो. बाहेर एमपी ऑनलाइनची पाटी, आत संगणक, प्रिंटर, अंगठ्याचा ठसा घेणारं छोटं उपकरण आणि त्यांच्यामागे बसलेला एक तरुण. कॉलेजचा प्रवेशअर्ज, वीजबिल, खसरा-खतौनीची नक्कल, धानाचं पंजीयन, समग्र आयडीतली दुरुस्ती, लाडली बहना योजनेचं ई-केवायसी अशी कामं घेऊन माणसं तिथे बसलेली असतात. एमपी ऑनलाइन ही मध्य प्रदेश सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांची संयुक्त कंपनी २००६ साली सुरू झाली. तेव्हापासून तहसिलीच्या गावातले कितीतरी शिकलेले तरुण याच धंद्यावर घर चालवत आहेत.

बाकीच्या जगात कियोस्क म्हणजे माणसाच्या जागी उभं केलेलं यंत्र. नागपूर मेट्रोच्या स्थानकात ते तिकीट देतं, मुंबईच्या मॅकडोनाल्ड्समध्ये ऑर्डर घेतं. लांजीची पोरं कामाला नागपूरला, रायपूरला, हैदराबादला जातात. हॉटेलात वाढप्याचं, मॉलमध्ये मदतनिसाचं, इमारतीच्या दारावर चौकीदाराचं, अशी कमी पगाराची कामं त्यांच्या वाट्याला येतात आणि यंत्रांची नजर आज नेमकी त्याच कामांवर आहे. म्हणून या विषयावर जे ठामपणे बोललं जातं, ते एकदा तपासून घ्यायला हवं.

“यंत्र आलं की तेवढ्या नोकऱ्या गेल्या”

ही भीती खोटी नाही, पण हिशेब इतका सरळ चालत नाही. अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेत २७० व्यवसायांची नोंद होती. अर्थतज्ज्ञ जेम्स बेसेन यांनी त्यांचा पुढचा प्रवास शोधला, तेव्हा यंत्रांमुळे पूर्णपणे नाहीसा झालेला व्यवसाय एकच निघाला, लिफ्ट चालवणाऱ्याचा. बाकीच्यांतली कामं बदलली, काही आटली, पण व्यवसाय उरले.

एटीएमची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जगातलं पहिलं एटीएम १९६७ साली लंडनच्या एनफिल्ड भागात बसलं. भारतातलं पहिलं १९८७ साली मुंबईत, एचएसबीसी बँकेचं. आता कॅशियर संपणार असं सगळे धरून चालले होते. अमेरिकेत १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेतल्या कॅशियरची संख्या सरासरी २० वरून १३ वर आली, हे खरं. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे बँकांनी शहरांत ४३ टक्के जास्त शाखा उघडल्या आणि कॅशियरची एकूण संख्या फारशी घटली नाही. ती पुढे घटू लागली, कारण मोबाइल बँकिंग आल्यावर लोकांनी शाखेतच जाणं कमी केलं. पहिल्या यंत्राने नोकरी टिकली आणि दुसऱ्याने घालवली. त्यामुळे एटीएमचा दाखला देऊन “काही होत नाही” म्हणणाऱ्यानेही ही गोष्ट शेवटपर्यंत सांगितली पाहिजे.

“जुन्या नोकऱ्या गेल्या तर नव्या मिळतातच”

मला सर्वांत जास्त टोचतो तो हा गैरसमज, कारण तो समजूत काढायच्या सुरात सांगितला जातो.

टेलिफोनचं उदाहरण पाहू. आपल्याकडे परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे आणि एक्सचेंजमधली ऑपरेटर तो जोडून देई. १९६० साली कानपूर आणि लखनौच्या दरम्यान देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ऑपरेटरशिवाय फोन लागू लागला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ गावोगाव उघडले. लाखो कुटुंबं त्यांवर जगली. अपंगांना बूथ देताना प्राधान्य मिळे. मग मोबाइल आला आणि काही वर्षांतच ते बूथ रिकामे झाले. त्याच गाळ्यांतून काहींनी रिचार्ज विकलं, काहींनी झेरॉक्स टाकली, काहींनी कियोस्क घेतला. सगळ्यांना ते जमलं नाही. ट्रंक एक्सचेंजमधल्या बाईला बूथ मिळाला नव्हता, आणि बूथवाल्याला मोबाइल कंपनीत नोकरी मिळाली नाही.

अमेरिकेत याचा नीट अभ्यास झाला आहे. १९२० ते १९४० या काळात एटी अँड टी कंपनीने शहराशहरांत हाताने फोन जोडण्याचं काम यंत्रावर नेलं. ऑपरेटर बहुतेक तरुण मुली होत्या. जेम्स फायगेनबॉम आणि डॅनियल ग्रॉस या संशोधकांनी जनगणनेच्या नोंदींतून त्यांचा माग काढला. पुढच्या पिढीच्या मुलींना कचेऱ्यांत टायपिस्टची, हॉटेलांत वाढण्याची कामं मिळाली. त्यांच्या रोजगारात मोठा खड्डा पडला नाही. पण ज्या मुली आधीपासून खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्यातल्या अनेकींना पुढे कमी पगाराचं काम करावं लागलं, तर अनेकजणी कामाबाहेरच गेल्या. समाजाची भरपाई झाली. जिची नोकरी गेली तिची झाली नाही. “नव्या नोकऱ्या येतात” हे वाक्य खरं असलं, तरी त्या कोणाला आणि कधी मिळतात हे त्यात येत नाही.

“स्वयंसेवा म्हणजे काम वाचलं”

काम वाचत नाही, ते एकाकडून दुसऱ्याकडे सरकतं. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी पिगली विगली नावाचं दुकान काढलं. तोवर गिऱ्हाइकाने यादी द्यायची आणि दुकानातल्या पोऱ्याने वस्तू काढून द्यायच्या, अशी रीत होती. सॉन्डर्स यांनी फडताळं उघडी ठेवली आणि हातात टोपली दिली. पोऱ्याचं काम गिऱ्हाईक फुकट करू लागलं. आजचं सेल्फ चेकआउट त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

आपल्या भागात मात्र हे काम गिऱ्हाइकाच्याही हाती येत नाही. लांजीला रेल्वे नाही. आमगाव किंवा गोंदियाला जाऊन गाडी पकडावी लागते. मोठ्या स्थानकांवर रेल्वेने एटीव्हीएम, म्हणजे स्वतः तिकीट काढायची यंत्रं बसवली आहेत. या यंत्रांसाठी रेल्वेने सहायक नेमायची पद्धत काढली. त्यांत बरेच रेल्वेचेच निवृत्त कर्मचारी असतात. प्रवासी स्टेशनचं नाव सांगतो, पैसे देतो. बटणं सहायक दाबतो. त्याला पगार नसतो, विकलेल्या तिकिटांवर कमिशन असतं. खिडकीतला बाबू आणि यंत्राशेजारचा सहायक हे दोघंही तिकीटच विकतात. फरक आहे तो पगार, पेन्शन, रजा आणि डोक्यावरच्या छपराचा.

बँकेतही तेच घडलं. रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांना गावात प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि या प्रतिनिधीला बँक मित्र हे नाव घराघरात मिळालं. आता लांजी तहसिलीतली बाई लाडली बहनाचे पैसे अंगठा लावून काढते ते बहुधा त्याच्याकडून. तो खातं उघडतो, पैसे जमा करतो, काढून देतो, म्हणजे कॅशियरचं काम करतो. पण अनेकदा त्याचा करार बँकेशी नसून मधल्या कंपनीशी असतो आणि पैसे व्यवहारागणिक मिळतात. नेट गेलं, सर्व्हर बसला, तर दिवस वाया जातो. रोवणी करून आणि विड्या वळून ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा ठसा यंत्र घेत नाही. तिचं प्रत्येक बोट पुन्हा पुन्हा पुसून, लावून पाहावं लागतं. त्यात गेलेल्या वेळाचं मोल कोणीच देत नाही, आणि व्यवहार फसला तर तिचा राग निघतो तोही त्याच्यावर.

माझ्या मते आपल्या भागातल्या स्वयंचलनाची खरी गोष्ट ही आहे. माणूस हटला नाही, तो पगारावरून कमिशनवर आला. नोकऱ्या किती गेल्या याची मोजदाद करणाऱ्याला हा बदल दिसतच नाही, कारण त्याच्या कागदावर माणसांची संख्या तेवढीच राहते, कधी वाढलेलीही असते.

“मजुरी वाढवली म्हणून यंत्रं आली”

२०१६ साली अमेरिकेत ताशी १५ डॉलर किमान वेतनाची मागणी जोरात होती. तेव्हा मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतल्या कारभाराचे माजी प्रमुख एड रेन्सी म्हणाले होते, की पोराला एवढा पगार देण्यापेक्षा ३५ हजार डॉलरचा यांत्रिक हात घेणं परवडेल. हा युक्तिवाद आपल्याकडेही ऐकू येतो: जास्त मागाल तर यंत्र आणू.

मग मुंबईत, जिथला पगार अमेरिकेच्या पासंगालाही पुरत नाही, तिथे ऑर्डर घेणारे पडदे का आले? कारण पडद्यासमोर गिऱ्हाईक निवांत निवडतं आणि जास्त मागवतं; पडदा प्रत्येक वेळी न विसरता आणखी काही सुचवतो. फास्टॅग १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सक्तीचा झाला, तो टोलनाक्यावरच्या पोराचा पगार डोईजड झाला म्हणून नव्हे. रांगा, वाया जाणारं इंधन आणि रोखीतली गळती ही त्याची कारणं होती. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क लागत नाही, म्हणून भाजीच्या पाटीवरही क्यूआर कोड आला.

मजुरीचा संबंध मुळीच नाही, असंही कोणी म्हणू नये. पेट्रोल पंपावर आपल्याकडे अजून माणूस तेल भरतो, याचं एक मोठं कारण त्याचा पगार कमी आहे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर मध्य प्रदेशात २६१ रुपये आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रात ३१२ रुपये होता. या दरांच्या आसपास जगणाऱ्या माणसाला महागडं यंत्र सहज हटवू शकत नाही. मात्र पगाराबरोबर कायदाही मोजावा लागतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात पगार आपल्या कितीतरी पट आहेत, तरी १९४९ च्या कायद्याने गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे आणि तिथे आजही पंपावर माणूस असतो.

“एकदा बसलेलं यंत्र उठत नाही”

उठतं. खणात नाणं टाकून जेवण घ्यायची ऑटोमॅट नावाची खाणावळ १९०२ साली फिलाडेल्फियात निघाली. एके काळी न्यूयॉर्कचा अभिमान असलेल्या या खाणावळींतली शेवटची १९९१ मध्ये बंद झाली. ब्रिटनच्या बूथ्स या दुकानसाखळीने २०२३ मध्ये बहुतेक दुकानांतून सेल्फ चेकआउट काढून माणसं बसवली. अॅमेझॉनने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या फ्रेश दुकानांतून बिलाशिवाय बाहेर पडायची व्यवस्था मागे घेतली.

“यंत्राला विरोध करणारे अडाणी असतात”

१९६० च्या दशकात कोलकात्याच्या इलाको हाउसमध्ये एलआयसीचा संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारा दिला होता. त्याची टिंगल आजही होते. पण त्या वादामुळे केंद्र सरकारला १९६९ साली स्वयंचलनावर समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर, समितीचा अहवाल १९७२ साली आला. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. कोणती यंत्रं, किती आणि कोणत्या कामासाठी आणायची हे दोन्ही बाजूंनी टेबलावर बसून ठरवलं. संगणक आला, आणि तो अटी घालून आला.

या भांडणांच्या मागे कायद्याचाही आधार होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ प्रमाणे, कामगारकपात होईल असा तांत्रिक बदल करण्याआधी मालकाने २१ दिवसांची नोटीस देणं बंधनकारक होतं. कपात झालीच तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत बदलाच्या नोटिशीची आणि भरपाईची तरतूद कायम आहे. शिवाय कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकण्यासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार द्यायचा आहे आणि तो ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायला हवा.

हे सगळं कामगार म्हणून नोंदलेल्या माणसासाठी आहे. यंत्राशेजारचा सहायक, बँक मित्र, कियोस्कवाला यांना कागदोपत्री मालकच नाही. ते एजंट किंवा परवानाधारक ठरतात. उद्या रेल्वेचं तिकीट, बँकेचा व्यवहार आणि सरकारी अर्ज सगळं प्रत्येकाच्या मोबाइलवर गेलं, तर त्यांना नोटीस द्यायची कोणाची जबाबदारी नाही आणि भरपाई द्यायचीही नाही. नागपूरला किंवा हैदराबादला निघालेल्या पोराने म्हणूनच कामाला लागण्याआधी नियुक्तिपत्र मागून घ्यावं. नव्या संहितांनी ते सक्तीचं केलं आहे. आणि लांजीतल्या बँक मित्रांनी व कियोस्कवाल्यांनी एकत्र येऊन आपापल्या कंपन्यांकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात: फसलेल्या व्यवहारात गेलेल्या वेळाचाही मोबदला, आणि काम बंद करण्याआधी ठरलेल्या मुदतीची नोटीस.