पाळीचे दुखणे सोसू नका, वहीत नोंदवा

सात रस्त्यावर क्लासला येणारी मुलगी दर महिन्याला दोन दिवस घरी राहते, विडी वळणाऱ्या आईची मजुरी बुडते. घरात उत्तर एकच, "पाळीत दुखतंच." आम्ही म्हणतो, रोजचे काम थांबवणारे दुखणे नेहमीचे नाही.

त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. निदान व्हायला अनेकदा वर्षे जातात.

लक्षणे अशी: गोळी घेऊनही न थांबणाऱ्या कळा, पाळीत शौच-लघवीला वेदना, संबंधाच्या वेळी दुखणे, जास्त रक्तस्राव, मूल राहण्यात अडचण.

तारखा, दुखणे, बुडालेले दिवस वहीत लिहा आणि ती वही घेऊन सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागात जा. त्रास असह्य असेल तर लगेच. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनही होते. ती नॉर्मल आली तरी आजार नाही असे ठरत नाही. एमआरआय किंवा दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा. औषधांनी त्रास आटोक्यात आणता येतो. "लग्न झालं की थांबेल" हा इलाज नव्हे. भावांनो, बहिणीसोबत तुम्हीही जा.