नशेतील गुन्हा आणि इंग्रजी कायदा

‘मी शुद्धीवर नव्हतो’ ही आरोपीची सबब इंग्रजी कायदा सरसकट मानीत नाही. सरसकट फेटाळीतही नाही. खुनासाठी ठार मारण्याचा किंवा गंभीर इजेचा हेतू लागतो. नशेमुळे तो उद्भवलाच नसेल, तर अपराध सदोष मनुष्यवधाचा ठरतो. मारहाणीला मात्र ही सवलत नाही. दारू व गोळ्यांच्या अमलाखाली मद्यगृहात धुमाकूळ घालून पोलिसांवर हात टाकणाऱ्या एका इसमाचे अपील, तेव्हाचे सर्वोच्च अपील-न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७६ साली फेटाळले : स्वखुशीने शुद्ध घालविणे हाच बेदरकारपणा. तर्कशास्त्राला हे पुरते पटण्याजोगे नाही. परंतु ज्याला मार बसला त्याचाही विचार न्यायाला करावा लागतो. तत्पूर्वी, पत्नीला मारण्याचा बेत करून सुरी आणि धीर येण्यासाठी व्हिस्की विकत घेणाऱ्यालाही याच न्यायालयाने १९६१ साली नशेचा आसरा नाकारला होता.