हृदय बंद पडल्यावर पहिली पाच मिनिटे कोणाची?

ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही ब्रिटनमधील हृदयविकारावर काम करणारी राष्ट्रीय धर्मादाय संस्था. काही डॉक्टरांनी १९६१ मध्ये ती सुरू केली. तेव्हा त्या देशातील निम्म्याहून अधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होत असत. आज हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. सगळे श्रेय एका संस्थेचे नाही, पण संशोधनासाठी ती दरवर्षी सुमारे १० कोटी पौंड देते. हा पैसा येतो कुठून? मृत्युपत्रातून ठेवलेल्या देणग्यांतून, लोकवर्गणीतून, आणि जुने कपडे, पुस्तके, सोफे विकणाऱ्या शेकडो दुकानांतून. या दुकानांत स्वयंसेवक मोठ्या संख्येने राबतात. वर्गणीवर चळवळ चालवणाऱ्या आपल्या समाजाला हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

पण आम्हाला या संस्थेचे दुसरे एक काम जास्त महत्त्वाचे वाटते. त्यासाठी आधी एक फरक समजून घ्यावा लागेल. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणे. यात माणूस बहुधा शुद्धीत असतो, छातीत दुखते, घाम फुटतो. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचे रक्त ढकलणेच बंद होणे. माणूस कोसळतो, श्वास थांबतो किंवा नुसते आचके येतात. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो. अरेस्टनंतर काहीच केले नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी घटते. ब्रिटनमध्येही रुग्णालयाबाहेर असे झालेल्या दहांपैकी एकाहून कमी जण वाचतात. रुग्णवाहिका येईपर्यंतची ती मिनिटे शेजाऱ्यांच्या हातात असतात.

म्हणून संस्थेने शिकवण्यावर भर दिला. मोबाइल आणि घरातली एक घट्ट उशी घेऊन १५ मिनिटांत छातीवर दाब देणे, म्हणजे सीपीआर, शिकता येईल असा मोफत ऑनलाइन वर्ग तिने तयार केला. इतर संस्थांबरोबर मोहीम चालवली आणि २०२० पासून इंग्लंडच्या सरकारी माध्यमिक शाळांत हे शिक्षण सक्तीचे झाले. विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू करणारी डिफिब्रिलेटर यंत्रे कुठे आहेत हे रुग्णवाहिका सेवेला कळावे म्हणून देशभराची नोंदणीही उभी केली.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुढची गोष्ट नवी वाटणार नाही. तिथेही गरीब वस्त्यांत ही यंत्रे कमी आहेत आणि सीपीआर देणारे हातही कमी. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना तर हृदयविकाराचा धोका मुळातच अधिक. त्यात तिथे राहणारी मराठी माणसेही आली. संस्थेने २०१९ मध्ये एका अहवालातून दाखवले की स्त्रियांचा अटॅक ओळखायला उशीर होतो, उपचारही कमी मिळतात. आपल्याकडे बाईच्या छातीत दुखले की पित्त झाले म्हणून सोडाच दिला जातो.

आता आपल्याकडे. जयंतीला आरोग्य शिबिर होते, रक्तदाब मोजला जातो, फोटो निघतात. ज्याचा रक्तदाब वाढलेला निघाला त्याचे पुढे काय झाले, हे सहसा कुणी विचारत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास होता, हे आठवले तरी हा पाठपुरावा किती गरजेचा आहे ते कळेल. शिबिराची वही जपून ठेवावी आणि महिन्याने त्या घरी जावे. यासाठी पैसा लागत नाही.

सीपीआरही तसेच. माणूस हाक मारून, हलवून जागा होत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून, कोपर ताठ ठेवून, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायचे. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलात तर हात बदला, थांबू नका. तोंडावर पाणी मारण्यात किंवा नाकाला कांदा लावण्यात वेळ घालवू नका.

वाचून हे हातात बसत नाही, करूनच बसते. डीजेच्या खर्चावर तासभर वाद घालणाऱ्या आपल्या मंडळांनी एका रविवारी विहारात डॉक्टर किंवा नर्स असलेल्या आपल्याच एखाद्या ताईला बोलवावे. येताना प्रत्येकाने घरची उशी आणावी.