खिडकीतले छोटे तळे

दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाडीतून जाताना विहिरीत डोकावण्याचा मोह आपल्यालाही झाला असेल. तेथील माशांसाठी कोणी हवेचे यंत्र लावत नाही, की दर आठवड्याला पाणी उपसून विहीर घासत नाही. तरी मासे सुखाने नांदतात. घरातील वृद्धांसाठी मत्स्यपेटी आणायची असेल, तर दुकानातील झगमगत्या पेटीऐवजी हा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा.

नेहमीच्या पेटीचा ताप आपण जाणताच. पाण्याच्या दोन बादल्या म्हणजे तीसेक किलो वजन, आणि ते उचलायचे कोणी? गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी की आधीच थकलेल्या सुनेने? त्यात विजेचा प्रश्न. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. केवळ यंत्राच्या भरवशावर दाटीने ठेवलेले मासे अशा वेळी तग धरत नाहीत.

वनस्पतींची पेटी निराळी. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो साठला की तोच त्यांचे विष ठरतो. वाढत्या पाणवनस्पतींना मात्र ते खत असते. तळाच्या मातीतील जिवाणूही तो पचवतात. अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली.

साधारण चाळीस लिटरची पेटी पुरे. भरल्यावर तिचे वजन पन्नास किलोंच्या वर जाते. म्हणून बैठक भक्कम हवी, आणि खुर्चीत बसलेल्याच्या नजरेच्या उंचीवर हवी. तळाशी बोटभर जाडीची, शेणखत वा रासायनिक खत न घातलेली माती पसरावी, त्यावर तेवढीच धुतलेली जाड नदीची वाळू. समुद्राची वाळू दिवेआगरात दाराशी असली तरी वापरू नये; तिच्यातील मीठ व शिंपल्यांचा चुरा पाणी बिघडवतो. वॅलिसनेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट अशा जोमाने वाढणाऱ्या वनस्पती पहिल्याच दिवशी दाट लावाव्यात. काटकसर इथेच नडते. प्रकाश आठ-दहा तास मिळावा, पण दुपारचे थेट ऊन नको. त्याने पाणी हिरवे होते आणि तापते. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मग वापरावे.

मग काही आठवडे थांबावे. नातवंडांचा आग्रह मोडवत नाही हे खरे, पण वनस्पतींना नवे धुमारे फुटल्यावरच पाच-सहा नर गप्पी सोडावेत. नरच घ्यावेत, नाहीतर महिन्याभरात पिलांची जत्रा भरते.

अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील नॅन्सी एडवर्ड्स व ॲलन बेक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शुश्रूषागृहातील भोजनकक्षात मत्स्यपेटी ठेवल्यावर अल्झायमरच्या ६२ रुग्णांचे जेवण वाढलेले आढळले. तेव्हा पेटी जेवणाच्या मेजाजवळ ठेवून पाहायला हरकत नाही. मात्र तो औषधोपचाराला पर्याय नव्हे.

विस्मरण असलेल्या घरात खरा धोका वेगळाच. आजी मायेने सकाळी खाऊ घालतात, विसरतात, पुन्हा घालतात. उरलेले अन्न कुजते आणि पाणी नासते. त्यांच्या हातून खाऊ काढून घेऊ नका. आठवड्याच्या गोळ्यांसाठी सात खणांची डबी मिळते, तशीच एक निराळ्या रंगाची डबी माशांसाठी आणा. खणात चिमूटभर खाऊ, एक खण रिकामा. मोठा डबा मात्र कपाटात, नजरेआड, आणि ही डबी गोळ्यांच्या डबीपासून दूर.

पेटीत हात घालण्यापूर्वी विजेचा दिवा बंद करावा. हाताला जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास, ते काम दुसऱ्यावर सोपवावे. या पाण्यातून त्वचेला चिवट जिवाणूसंसर्ग होऊ शकतो. गाठ वा व्रण बरा होत नसेल, तर डॉक्टरांना मत्स्यपेटीविषयी आवर्जून सांगावे. सांडलेले पाणी तत्काळ पुसावे.

वनस्पती फार माजल्या तर छाटून बागेतल्या खतात टाका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेचे. नकोसे झाले तरी ओढ्यात किंवा खाडीत सोडू नका, दुकानदाराला परत द्या.